काठीचे म्यान

गेल्या वर्षी दिवाळीला माझा भाचा पुण्याहून यवतमाळला आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या एका हातात कपड्यांची बॅग होती आणि खांद्याला एक लांबट, नळकांड्यासारखी, तपकिरी कातड्याची पेटी लटकत होती. लांबी पावणेदोन हात, जाडी मनगटाहून थोडी अधिक. दारातच घरातून प्रश्न आला, "अरे, बंदूक आणलीस की काय?" शेजारचे आजोबा फराळाला बसले होते; त्यांना वाटले, पोरगा सनई शिकतो आहे. अंगणातल्या चिल्ल्यापिल्ल्यांनी तर तो जंगी बाण आहे असे ठरवूनच टाकले आणि तो केव्हा उडवायचा म्हणून त्याच्याभोवती फेर धरला.

भाच्याने हसत हसत पेटीचे टोपण उघडले. आत मऊ कापडाचे अस्तर होते आणि त्यात एका गुळगुळीत काठीचे दोन तुकडे वेगवेगळ्या कप्प्यांत निजले होते. "मामा, हा क्यू. पूल खेळायची काठी," तो म्हणाला. त्याने दोन्ही तुकडे फिरवून एकमेकांत बसवले, तशी चांगली पावणेपाच फूट लांबीची सडपातळ काठी तयार झाली.

"काठीला एवढे म्यान?" मी विचारले.

"काठीपेक्षा म्यानच लोक आधी बघतात, मामा," त्याने उत्तर दिले.

झाले असे होते की, एस.टी.च्या गर्दीत पेटीच्या पट्ट्याची शिवण उसवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे बाजारात, माझ्या नेहमीच्या चांभारदादांकडे गेलो. माझ्या वहाणा गेली वीसएक वर्षे तेच सांधतात. त्यांनी पेटी हातात घेतली, अंगठ्याने कातडे दाबून पाहिले, नाकाशी नेऊन वास घेतला आणि मग विचारले, "हे कायचं म्यान होय जी, गुरुजी?"

मी थक्क झालो. जो शब्द माझ्या तोंडून थट्टेने निघाला होता, तोच त्यांच्या तोंडून जाणकारीने निघाला. मी सांगितले, काठीचे आहे. त्यांनी मान हलवली. "कातडं असल हाय. सालीत कमावलेलं. पन शिवन मशीनची हाय. मशीनची शिवन एका जागी तुटली का मंग उसवतच जाते. मी हातानं घालून देतो. संध्याकाळी या."

संध्याकाळपर्यंतचा वेळ मोकळा होता. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाच्या डोक्यात असा मोकळा वेळ फार वेळ मोकळा राहत नाही. काठीला म्यान कसे आले, आणि आमच्या यवतमाळच्या चांभाराला ते एका नजरेत कसे ओळखू आले, या दोन प्रश्नांनी माझा पिच्छा पुरवला तो आजतागायत. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

आधी काठीची गोष्ट. बिलियर्ड हा खेळ मुळात युरोपातल्या सरदार-दरकदारांचा. पूर्वी तो बाहेर हिरवळीवर खेळत. पुढे पावसापाण्यामुळे तो घरात, मेजावर आला, आणि येताना हिरवळीची आठवण म्हणून हिरवी बनात बरोबर घेऊन आला. प्रारंभी चेंडू ढकलायला काठी नव्हती. दांड्याला पुढे लाकडी ठोकळा बसवलेला एक ढकलणा असे. पण चेंडू मेजाच्या कडेला चिकटून बसला की तो ठोकळा काही कामाचा उरत नसे. तेव्हा खेळणारे ढकलणा उलटा करीत आणि मागच्या दांडीच्या टोकाने चेंडू मारीत. या मागच्या टोकाला फ्रेंच लोक शेपूट म्हणत. शेपटीला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्याचाच पुढे 'क्यू' झाला. पुढे ढकलणा गेला आणि शेपूट तेवढे राहिले. मुख्य वस्तू जाऊन शेपूटच मानाला चढल्याची अशी उदाहरणे इतिहासात इतरत्रही सापडतात. पण ते असो.

या शेपटाला खरी किंमत आली ती कातड्यामुळे. नुसत्या लाकडाचे टोक चेंडूवरून घसरते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये मिंगो नावाचा एक फौजी कप्तान राजकीय कैदी म्हणून पॅरिसच्या तुरुंगात होता. तुरुंगात बिलियर्डचे मेज होते आणि कप्तानाला वेळच वेळ होता. त्याने क्यूच्या टोकाला कातड्याची छोटीशी टिकली चिकटवली. त्या टिकलीची चेंडूवर पकड बसू लागली. चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली, आदळून परतही आणता येऊ लागले. सुटकेची वेळ आली तेव्हा, अजून अभ्यास पुरा झाला नाही म्हणून, त्याने आणखी काही दिवस आत राहू देण्याची विनंती केली असे सांगतात. १८२७ साली त्याने या खेळावर पुस्तकही लिहिले. आज जगातल्या बहुतेक क्यूंच्या टोकाकडे पाहा, करंगळीच्या नखाएवढी कातड्याची टिकली तेथे असते. म्हणजे कातडे या काठीला बाहेरून पांघरण्याच्या आधीच तिच्या टोकावर जाऊन बसले होते.

आता हा खेळ आपल्या प्रांतात कसा आला ते पाहू. प्रांत हा शब्द मी जाणून वापरतो आहे. १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीत इंग्रज पलटणीचे अधिकारी मेसमध्ये अडकून पडले होते. त्यांत नेव्हिल चेंबरलेन नावाचा एकोणीस वर्षांचा एक तरुण होता. बिलियर्डच्या मेजावर तेव्हा पैसे लावून जे निरनिराळे डाव खेळत, त्यांचीच मोडतोड करून, पंधरा लाल चेंडूंमध्ये रंगीत चेंडू घालून, त्याने एक नवा डाव रचला. इंग्लंडातल्या लष्करी शाळेत नवशिक्या पोराला 'स्नूकर' म्हणून चिडवीत. एका सोबत्याचा सोपा नेम चुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला त्या नावाने हाक मारली; मग त्याचे मन राखण्यासाठी, या डावात आपण सगळेच स्नूकर आहोत, असेही म्हणाला. डावाला तेच नाव पडले. १८८२ मध्ये उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावले गेले आणि जबलपूरच्या पावसातला हा डाव जगभर गेला.

जबलपूर तेव्हा मध्यप्रांतात होते आणि आमचे वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले होते. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले. १९०५ साली जुन्या वणी जिल्ह्याला पुसद तालुका जोडून आजचा यवतमाळ जिल्हा झाला. तेव्हापासून १९५६ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, जबलपूर आणि यवतमाळ एकाच प्रांतात होते आणि दोन्हींची राजधानी नागपूर होती. स्नूकर ही तशी आमच्या जुन्या घरातलीच वस्तू म्हणायची. मात्र घरातल्या माणसांना तिला हात लावण्याची मुभा नव्हती.

कारण साहेबांचा क्लब हा साहेबांचा असे. तेथे हिंदी माणूस शिरे तो पंखा ओढायला, पेला भरायला किंवा 'मार्कर' म्हणून. मार्कर म्हणजे मेजाची व्यवस्था ठेवणारा नोकर. तो गुण मोजी, बनातीवरून ब्रश फिरवी, क्यूच्या टोकाची कातडी टिकली झिजली की सरसाने नवी चिकटवी, आणि नव्या आलेल्या साहेबाला डाव शिकवीही. हिंदुस्थानातल्या क्लबांत अनेक साहेब हा खेळ आपल्या मार्करापासूनच शिकले. गुणांच्या फळ्यावर मात्र नावे साहेबांची.

क्लबातले क्यू भिंतीवरच्या घोडीला उभे करून ठेवलेले असत. पण खेळात मुरलेल्या माणसाला स्वतःचाच क्यू लागतो. काठी तीच, वजनही तेच, सुमारे अर्धा किलो. पण हाताला दुसरी चालत नाही. आपल्याकडे तंबोरा दुसऱ्याला न देणारे गवई असतात, तसेच हे. शिवाय लाकूड हे हवेचे ऐकणारे. इंग्रजी क्यू अॅश नावाच्या लाकडाचा, अमेरिकन क्यू मेपलचा. दोन्ही थंड मुलुखातली झाडे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. अशा हवेत लाकूड आधी सुकते, मग फुगते आणि वाकते. वाकलेल्या क्यूने मारलेला चेंडू आणि वाकड्या पट्टीने ओढलेली रेघ यांची गती एकच.

म्हणून पेटी आली. इंग्रजांची पेटी बहुधा पत्र्याची असे: काळ्या वार्निशाची, माणसाच्या छातीइतकी उंच नळी, कारण त्यांचा क्यू अखंड असे. नळीला कुलूप, आणि वर मालकाच्या नावाची चकती. क्लबाच्या भिंतीला अशा नळ्या ओळीने टांगलेल्या असत. अमेरिकेत प्रकार वेगळा झाला. तेथे हा खेळ क्लबातून बाहेर पडला आणि शहरातल्या सार्वजनिक खोल्यांत गेला. पैजेचे पैसे एकत्र करीत, त्याला 'पूल' म्हणत. खेळाला तेच नाव मिळाले. मेज लहान, नऊ फुटांचे. आपल्या बिलियर्डचे मेज बारा फुटांचे. पैज मारणारा खेळाडू आज या गावी, उद्या त्या गावी. पावणेपाच फुटांची काठी आगगाडीत कुठे ठेवणार? तेव्हा मध्ये सांधा घालून दोन तुकड्यांचा क्यू तेथे रूढ झाला, आणि त्याच्यासाठी खांद्याला अडकवता येईल अशी आखूड कातडी पेटी. १९६१ साली अमेरिकेत 'द हसलर' नावाचा चित्रपट निघाला. त्यातला नायक दोन तुकड्यांचा क्यू कातडी पेटीत घालून हिंडतो. पेटी उघडून तो काठी जोडू लागला की खोलीतल्या माणसांना कळते, हा नवशिका नव्हे. तेव्हापासून पेटी हे खेळाडूचे एक प्रकारचे ओळखपत्रच झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस तर अमेरिकेत असे कारागीर उभे राहिले की, जे जन्मभर क्यूच्या पेट्यांखेरीज दुसरे काही करीत नाहीत.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर क्लबांचे दरवाजे उघडले आणि आपल्या माणसांनी या काठीचे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. १९२२ साली पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने १९५८ मध्ये कलकत्त्यास बिलियर्डचे हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्याने तेच पद पुन्हा आणले. मागून मुंबईचा मायकेल फरेरा आला, तो १९७७ मध्ये जगज्जेता झाला. १९८५ साली पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीने तर जागतिक अजिंक्यपदांची पंचविशी ओलांडली. ज्या खेळात आपला माणूस गुण मोजायला उभा असे, त्या खेळात त्याचे गुण मोजायला जग उभे राहिले. ही गोष्ट दिवाळीच्या फराळाबरोबर मुलांना जरूर सांगावी.

पण मला संध्याकाळपर्यंत छळत होता तो दुसरा प्रश्न. चांभारदादांना पेटी ओळखू कशी आली?

भाच्याने मला पेटी कशी बनते ते समजावून सांगितले होते. आत कठीण नळ्या. क्यूच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी, म्हणजे लाकडावर लाकूड घासत नाही. नळीला मऊ अस्तर. वरून जाड कातडे ओले करून, ताणून बसवायचे. ओल्या कातड्यावर सुरीने आणि ठशांनी वेलबुट्टी उठवायची. वाळले की ती कायमची राहते. मग मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुया दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून ओढून, हाताने शिवण घालायची. या शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. शेवटी बुडाला आणि टोपणाला जाड कातडे, पट्टा, कडी.

आता आपल्या जुन्या तलवारीचे म्यान आठवा. लाकडाच्या दोन पातळ फळ्या, आतून पोकळ. वरून ओले कातडे ताणून चढवलेले. टोकाला धातूची टोपी. कमरेला बांधायला पट्टा. फरक एवढाच, की एकीत पाते असे आणि एकीत काठी असते. महाराष्ट्रात हे काम करणारे जिनगर होते. घोड्याचे जीन करणारा तो जिनगर. जिनाबरोबर लगाम, म्याने, ढाली हेही त्याच्याकडे असे. राज्ये गेली, घोडदळे मोडली, तलवारी खुंटीला लागल्या, तसे जिनगर पुस्तकबांधणीकडे, चित्रकामाकडे, धातुकामाकडे वळले. गावोगावचे चांभार मात्र कातड्यालाच धरून राहिले.

आणि गावात कातडे काय काय सांभाळीत असे, याची यादी आज केली तर नातवंडांना खोटी वाटेल. विहिरीवरची मोट कातड्याची, तिची सोंडही कातड्याची. भिस्त्याची पखाल कातड्याची. तेला-तुपाचे बुधले कातड्याचे. बैलांचे जोते, आसूडाची वादी, गाडीचे बंध, ढोल-ताशा, मृदंगाची पुडी, सगळे कातड्याचे. यवतमाळ तर कापसाचा जिल्हा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा वऱ्हाडी कापसाचा भाव चढला. पुढे गावोगाव जिन आणि प्रेस उभे राहिले. (हे कापसाचे जिन वेगळे आणि घोड्याचे जीन वेगळे, पण कातडे दोघांनाही लागे.) सरकी काढण्याच्या यंत्रात जो रुळ फिरतो, तो कातड्याचा. कातड्याचा खरखरीतपणा कापसाचे तंतू पकडून ओढतो आणि सरकी पात्याशी अडून राहते. इंजिनापासून यंत्रापर्यंत फिरणारे पट्टेही कातड्याचेच असत. म्हणजे ज्या पांढऱ्या सोन्यावर हा जिल्हा उभा राहिला, ते प्रत्येक बोंडातून कातड्यानेच ओढून काढलेले आहे. पुढे या रुळांच्या कातड्यातला क्रोम कापसात मिसळतो, कामगारांच्या अंगाला बाधतो, असे ध्यानात आले आणि मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने क्रोम नसलेले रबरी रुळ तयार केले.

क्रोमची गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण चांभारदादांनी पेटीचा वास घेतला तो त्यासाठीच. कातडे कमावण्याच्या दोन रीती आहेत. जुनी रीत झाडपाल्याची. कातडे चुन्याच्या पाण्यात घालायचे, केस सुटले की रापीने खरवडायचे, धुवायचे. मग बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांच्या काढ्यात मुरवायचे. खेड्यांत तर कातडेच पिशवीसारखे शिवीत, तिच्यात सालीचा काढा भरीत आणि ती टांगून ठेवीत. काढा आतून झिरपत झिरपत कातड्यात मुरे. याला आठवडे लागत. दुसरी रीत क्रोमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत निघाली आणि विसाव्याच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रजाने मद्रासला आणली; पाण्यात टिकणाऱ्या कातडी मोटा करणे हाही त्यातला एक हेतू होता. हे काम दिवसांत उरकते. पण क्रोमच्या कातड्यावर ठसा नीट उठत नाही. म्हणून क्यूच्या नक्षीदार पेटीला आजही सालीत कमावलेलेच कातडे लागते.

आणि साल, हिरडा हे तर आमच्या रानातले. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानचा हिरडा विलायतेतल्या कातड्याच्या कारखान्यांना जहाजे भरभरून जाई आणि तेथील व्यापारी त्याचे प्रकार गावांच्या नावांनी ओळखीत. त्यांत एका प्रकाराचे नाव होते वेंगुर्ला आणि दुसऱ्याचे जबलपूर. ज्या गावाने जगाला स्नूकर दिला, त्याच गावाच्या नावाने कातडे मुरवायचा हिरडाही विकला जात होता, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो.

स्वस्थ बसलो ते केवळ योगायोगाच्या गमतीने नव्हे. हिरड्याला गावाचे नाव मिळाले. खेळाचा जनक म्हणून चेंबरलेनचे नाव राहिले. कातड्याची टिकली लावणारा कैदी मिंगो पुस्तकात अमर झाला. पत्र्याच्या नळीवर मालकाचे नाव. अमेरिकेतला पेटी करणारा कारागीर तर बुडाशी स्वतःच्या नावाचा ठसा मारतो आणि तो ठसा पाहून गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते. मग ज्यांनी हजारो म्याने, मोटा, बुधले, पट्टे केले, त्या आमच्या कारागिरांपैकी एकाचे तरी नाव कोठे कोरलेले आहे? नाही. कारण आपण त्यांना नावाने ओळखतच नव्हतो. जातीने ओळखत होतो. मेलेले ढोर ओढायचे एका जातीने, कातडे कमवायचे दुसरीने, शिवायचे तिसरीने, वाद्या वळायच्या चौथीने. आणि त्या कातड्याची मोट ज्या विहिरीवर चाले, त्या विहिरीवर यांपैकी कोणालाही पाणी भरू द्यायचे नाही. कातडे पाण्यात बुडलेले चालत होते, कातडे शिवणारा हात मात्र चालत नव्हता.

याची लाज वाटून काही करू पाहणारी माणसेही आमच्या शेजारीच होती. वर्धा येथून लांब नाही. १९३४ साली गांधीजींनी तेथे ग्रामोद्योग संघ स्थापला. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. आपोआप मेलेल्या जनावरांचेच कातडे घ्यायचे, ते शास्त्रशुद्ध रीतीने कमवायचे आणि या कामाला चिकटलेला विटाळ पुसायचा, हा तेथला आग्रह. दुसऱ्या बाजूने १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांना सांगितले होते की, मेलेली गुरे ओढणे सोडून द्या. एकाने म्हटले, हे काम स्वच्छ करू या. दुसऱ्याने म्हटले, ज्या कामाने माणूस माणसातून उठतो ते काम आधी सोडू या. मी शाळेत दोन्ही शिकवले. तरुणपणी मला पहिले म्हणणे जास्त पटे. आता वय झाल्यावर वाटते, काम सोडण्याची मोकळीक मिळाल्यावाचून ते आवडीने करण्याची मोकळीकही मिळत नाही. अमेरिकेतला तो पेटीवाला चामड्यात हात घालतो तो स्वतःच्या खुशीने. उद्या त्याला कंटाळा आला तर तो सुतार होईल. आमच्या कारागिराला तेवढे कोणी विचारले नव्हते.

संध्याकाळी आम्ही पेटी आणायला गेलो. काम झाले होते. नवी शिवण जुन्या शिवणीशेजारी अशी बसली होती की, जुनीच ओशाळल्यासारखी दिसत होती. भाच्याने पट्टा ओढून पाहिला, पुन्हा पाहिला आणि मग एकदम म्हणाला, "काका, अशी अख्खी पेटी तुम्ही कराल का? मी कातडे आणून देतो. पुण्यात माझे मित्रही घेतील."

चांभारदादा हसले. "करीन ना जी. आमचा बुढा तलवारीचं म्यान शिवे, मी लहानपनी पायलं हाय. मापाले ते काठी तेवढी ठेवून जाजा." मग थोडे थांबून ते म्हणाले, "पन माह्या पोराले हे शिकवा म्हनसान तर नाई शिकवनार. तो कालेजात जाते."

"शिकवा असं मी कुठे म्हटलं?" भाचा गोंधळला.

"लोक म्हंतात ना, गुरुजी," ते माझ्याकडे वळून बोलले. "कला मरून रायली, कला मरून रायली म्हंतात. कला शिकाले आपलं पोरगं मात्र कोनी धाडत नाई."

मला काही उत्तर सुचले नाही. खरे तर ते उत्तरच होते. माझे लक्ष त्यांच्या हत्यारांकडे गेले. रापी, आरी, मोगरी, मेणाचा गोळा, दोऱ्याची गुंडी. दुकान बंद करायची वेळ झाली होती. ते एकेक हत्यार पुसून एका जुन्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळत होते. ज्यांनी राजाच्या तलवारीपासून साहेबाच्या खेळण्यापर्यंत जगातल्या प्रत्येक हत्याराला घर करून दिले, त्यांच्या हत्यारांना घर नव्हते. मी म्हटले, "तुमच्या रापीला म्यान का नाही केलंत कधी?"

"तिले रोजच कामाले लावतो जी. म्यान त रिकामं बसनाऱ्याले लागते," ते म्हणाले आणि आम्ही तिघेही हसलो.

भाचा काठी मापासाठी ठेवून गेला. पेटी तयार व्हायला थंडी उलटावी लागली. जानेवारीच्या अखेरीस मी ती त्याच्याकडे पोचवली. नक्षी काही नव्हती. साधे तपकिरी कातडे, सरळ शिवण, वहाणेला घालतात तशी पितळी कडी. पैशांचे ठरले तेव्हा भाच्याने फोनवरून सांगितले होते की, पुण्यात अशा पेटीला जे देतो तेच द्यायचे, एक रुपयाही कमी नाही. आणि बुडाला त्यांनी आपले नाव घालावे. पैसे त्यांनी मोजून घेतले. नावाचे ऐकून मात्र लाजले. शेवटी आरीने, मराठीत, आपल्या नावाचे पहिले अक्षर कातड्यावर टोचून दिले. अक्षर किंचित वाकडे आले आहे.

यंदा दिवाळीला भाचा तीच पेटी घेऊन येणार आहे. ती बंदूक आहे की सनई, असे आता कोणी विचारणार नाही. विचारलेच तर तो पेटी उलटी करून आधी ते अक्षर दाखवतो, असे त्याच्या आईने मला कळवले आहे. आणि मी दादांचे पुढचे शब्दही नोंदवून ठेवले आहेत. कारण इतिहासाच्या मास्तराने निदान एवढे तरी करावे. पैसे खिशात ठेवताना ते म्हणाले होते, "पोरगा सुट्टीत आला म्हंजे त्याले हे दाखवीन जी. शिकवाले नाई. नुसतं पाहाले."